कोल्हापूर एवढं वाढतंय, तरी पुण्यासारखे मॉल तिथे का नाहीत? कोल्हापूरकरांचा अभिमान विकासाच्या आड येतो का?

पहिला भाग सोपा आहे, तो आधी उरकते. मॉल अगदीच नाहीत असं नाही. पण पुण्याशी तुलना करायची तर माणसं आणि जागा दोन्ही मोजा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली आणि त्यानंतर हद्द वाढलेली नाही. पाचगाव, उचगाव, मोरेवाडी शहराला चिकटून वाढली, तिथली माणसं नोकरीला, शाळेला, बाजाराला रोज शहरात येतात, पण कागदावर ती गावंच. 2017 मध्ये आसपासच्या 42 गावांसाठी प्राधिकरण काढलं, हद्दवाढ राहिली ती राहिलीच. आणि ज्याला घाऊक भावात कापड घ्यायचंय तो कुठल्याच मॉलची वाट बघत नाही, तो सरळ शहरालगतच्या वळिवड्याजवळचं गांधीनगर गाठतो. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते परत गेल्यावर फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना तिथे जागा मिळाली आणि त्यांनी हा बाजार उभा केला. तोसुद्धा महापालिकेच्या हद्दीबाहेर.

आता दुसरा भाग. अभिमान आड येतो का? हो, येतो. मॉलच्या नव्हे, आमच्याच पेठेच्या आड येतो, आणि हे मी अंबाबाई मंदिराजवळच्या महाद्वार रोडलगतच्या एका गल्लीत वाढलेली मुलगी म्हणून सांगते. गल्ली कोणती ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.

आबांचं कापडाचं दुकान होतं. साड्या, धोतरं, फेटे, लग्नाचा बस्ता. लग्नसराईत गारगोटी, राधानगरीकडची मंडळी सकाळच्या एसटीनं यायची. नवरीची आई, मावशी, आत्या, दोन-तीन सुना, बरोबर चार पुरुष. दुकानात शिरले की बायका गादीवर बसायच्या आणि पार ऊन उतरेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. मानापानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, शालू, पुन्हा कुणाची तरी नाराजी, पुन्हा गठ्ठे खाली. सुट्टीत मी दुकानात असायचे आणि पाण्याचा ट्रे फिरवायचं काम माझ्याकडे असायचं. स्टीलचे पेले. पुरुष गटागट पिऊन पेला पालथा घालायचे. बायकांच्या बाजूनं ट्रे भरलेलाच परत यायचा. मे महिन्याचा उकाडा, पंख्याखाली पदरानं वारा घेत बसलेल्या बायका, आणि "नको बाळ, आत्ताच प्यालो." कोकम सरबत दिलं तरी ओठ लावून खाली ठेवायच्या.

मला वाटायचं खेड्यातल्या बायका लाजतात. मग एकदा आई दुकानात आली होती, तेव्हा नवरीच्या आईनं तिला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "वहिनी, हितं कुठं जायाची सोय हाय का?" सोय नव्हती. पुरुष मधूनच "चहा मारून येतो" म्हणून उठायचे आणि कुठे जायचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई त्या बाईंना बोळातून मागच्या वाड्यात ओळखीच्या घरी घेऊन गेली, आणि त्यांच्यामागून एकेक करून सगळ्याच उठल्या. परत आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. दोन-दोन पेले प्यायल्या. त्या दिवशी माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो आमच्या गल्लीत अजून पडलेला नाही.

आबांनंतर दुकान दादाकडे आलं. दादानं काचा लावल्या, दिवे लावले, गादी काढून खुर्च्या मांडल्या. मागच्या खोलीत मोरी होती, नळ होता. मी म्हटलं, इथंच एक संडास काढ, बायका दुवा देतील. दादा म्हणाला, "अगं, दोन रॅक जात्यात त्यात. जागा काय फुकट आलीया?" तिथून आमचं भांडण सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

पुढे आम्ही काही जणींनी मिळून अर्ज केला की या गल्लीच्या आसपास बायकांसाठी एक स्वच्छतागृह हवं. त्याआधीच, डिसेंबर 2015 मध्ये, एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना स्त्रियांसाठी अशा सोयी करायला बजावलं होतं, तो आधार होताच. अर्ज धूळ खात पडेल असं सगळे म्हणत होते, तसं झालं नाही. अभियंता टेप घेऊन आले, एक जागा त्यांनी स्वतः दाखवली, ड्रेनेजची लाइन जवळ आहे म्हणाले. आम्ही खूश. आठवडा जातोय न जातोय तोवर दुकानदारांच्या सह्यांचं हरकतपत्र गेलं. धंद्यावर परिणाम होईल, दुर्गंधी येईल, देवीच्या वाटेवर असलं काही शोभत नाही. मजा बघा, स्वच्छतागृह नको असं त्यात कुणीच म्हटलं नव्हतं. हवं, पण पलीकडच्या गल्लीत. पलीकडच्या गल्लीचं पत्रही तयारच होतं, ते आमच्या गल्लीकडे बोट दाखवत होतं. सह्यांमध्ये दुसरी सही दादाची.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ओवाळलं आणि मग विचारलं. तो म्हणाला, "दिवाळीत गिऱ्हाईक लक्ष्मीच्या पावलानं येतंय, आणि दारात हे?" मी म्हटलं, ती लक्ष्मी सकाळपासून पाणी न पिता तुझ्या दारात उभी आहे. वहिनी आत निघून गेल्या. काम बारगळलं.

तोच दादा आज सांगतो की मॉलनं आणि ऑनलाइननं पेठ मारली. कोल्हापूरचा माणूस असून बाहेर खरेदी करतात, गावाचा अभिमान नाही राहिला लोकांना. माझ्या सासूबाई शुक्रवार पेठेत उभा जन्म गेलेल्या. साखरेचा त्रास, गुडघे गेलेले, हातात काठी. त्यांना साडी घ्यायची म्हटलं की आता त्या मॉलकडे चल म्हणतात. का? "तिथं बसायला मिळतंय आणि जायची सोय हाय." त्यांना ब्रँडचं नाव वाचतासुद्धा येत नाही. त्यांच्या अभिमानात काय कमी आहे ते दादानं त्यांच्यासमोर येऊन सांगावं.

मॉलवाले धर्मात्मे आहेत म्हणून तिथं या सोयी असतात असं नाही. नवी इमारत बांधताना पार्किंग, जिना, लिफ्ट, स्वच्छतागृह नकाशावर दाखवावं लागतं, तरच परवानगी मिळते. आमच्या पेठेतली दुकानं म्हणजे जुन्या वाड्यांचे पुढचे सोपे. कुठलाही नियम यायच्या आधीपासूनची. त्यामुळे तिथं ही सोय आपोआप होणार नाही. कुणीतरी आपल्या दारात जागा द्यावी लागेल. आणि ते "कुणीतरी" म्हणजे नेमकं कोण, इथं येऊन कोल्हापूरचा अभिमान गप्प बसतो.

एरवी तो गप्प बसत नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो आणि सरकारला टोल रद्द करावा लागला. काळम्मावाडी धरणातून शहरात पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनसाठी वर्षानुवर्षं भांडलो, 2023 च्या दिवाळीत पाणी आलं. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि नाव घेतलं नाही, तेव्हा सगळं शहर पेटून उठलं, आणि बरोबरच होतं ते. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, हे नाव कारागिरांचा हक्क आहे. पण मोठ्या शत्रूविरुद्ध एक होणारे आम्ही स्वतःच्या फूटपाथवरचा स्वतःचा फलक हात-दोन हात मागे घ्यायची वेळ आली की एकमेकांकडे बघत बसतो.

ज्या शाहू महाराजांचं नाव आम्ही ऊठसूट घेतो, त्यांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ उभी केली. व्यापार वाढावा म्हणून जागा दिली, रस्ते आखले. एवढंच नाही. गंगाराम कांबळ्यांनी सत्यसुधारक हॉटेल काढलं आणि अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून तिथं कुणी जाईना, तेव्हा महाराज स्वतः जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. बाजारात कुणाला मानानं बसता येतं हा प्रश्न या शहरात तेव्हाच विचारला गेलाय. मला ज्या कोल्हापूरचा अभिमान वाटतो ते हे कोल्हापूर. त्या शहरात राधानगरीच्या बाईनं दिवसभर तहान मारून बस्ता बांधावा हे मला सहन होत नाही.

दादाचा आणखी एक मुद्दा असतो, की इथं खरेदी केली तर पैसा शहरात राहतो, महापालिकेला मिळतो. अर्धं खरं आहे. नोकरांचे पगार, हमाल, शिंपी, फॉल-पिको करणाऱ्या बायका, हे सगळं गावात राहतं, मान्य. पण जकात गेली, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि गेला, 2017 पासून जीएसटी आहे. तो केंद्र आणि राज्याकडे जातो, महापालिकेला राज्याकडून भरपाईचं अनुदान येतं. म्हणजे साडी विकली म्हणून त्या दिवशी शहराच्या तिजोरीत काही पडत नाही. शहराच्या हातात थेट येतो तो घरफाळा, आणि तो मॉलही भरतो. तेव्हा आमच्याकडून घ्या नाहीतर शहर बुडेल, हे गिऱ्हाइकाला ऐकवू नये.

तुम्ही विचाराल की मग पुढे काय. 2025 च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली आहे, आकडा 1,400 कोटींच्या वर आहे. यात कुणाची जागा जाणार, कुणाला कुठं दुकान मिळणार यावर पेठेत रोज चर्चा चालते. चालायलाच हवी, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे लोकांचा, आणि पुनर्वसनाचा शब्द लेखी घेतल्याशिवाय कुणीही जागा सोडू नये. पण त्या चर्चेत भाविक आणि गिऱ्हाईक बायकांसाठी काय मागायचं हे बोलणारा आवाज मला क्वचित ऐकू येतो. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा दुकानाच्या मापाच्या हरकती गठ्ठ्यानं जातात. बाकावर बसायची जागा हवी, अशी सूचना कोण करतं?

काही गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, नाहीतर पेठेवर अन्याय होईल. ऑनलाइनचा फटका खरा आहे, तो कुठल्याही सोयीनं भरून येणार नाही. गल्लीतली काही दुकानं खरोखर एवढी चिंचोळी आहेत की तिथं रॅकच मावत नाहीत, संडास कुठून काढणार. सार्वजनिक स्वच्छतागृह बांधलं आणि साफ ठेवलं नाही तर दुकानदारांची दुर्गंधीची भीती खरी ठरते, असं झालेलं मीही पाहिलंय. त्यामुळे बांधण्याआधी सफाई कोण करणार, पैसे कोण देणार हे ठरलं पाहिजे. आणि मॉलमध्ये सगळ्यांना सारखाच मान मिळतो असंही नाही. डोक्यावर बोचकं घेतलेल्या बाईला दारातला गार्ड अडवतो, आमच्या आबांनी कधी कुणाला अडवलं नाही. उधारी, ओळख, "राहू दे, पुढच्या खेपेला दे," हे पेठेतच मिळतं. म्हणूनच ती टिकावी असं मला वाटतं.

तर तुम्ही बदली होऊन येत असाल किंवा दुकान टाकायच्या विचारात असाल, तर मॉल किती आहेत ते बघू नका. रविवारी दुपारी महाद्वार रोडला म्हाताऱ्या माणसाला घेऊन चाला. गाडी कुठं लावता येते, कुठं टेकता येतं, बाईमाणसाला कुठं जाता येतं ते बघा. ज्या दुकानात ही सोय असेल तिथं खरेदी करा आणि मालकाला सांगा की याच्यासाठी आलो. राजारामपुरीत हे थोडं सोपं जाईल, गल्ल्या रुंद आहेत, आखून वसवलेली वस्ती आहे. तुम्ही दुकान काढलंत तर पहिल्या दिवसापासून सोय ठेवा आणि बाहेर पाटी लावा, ठळक अक्षरात, लाजू नका. बस्त्याची गिऱ्हाइकं तुमच्याकडे वळतात की नाही बघा.

दादा हे वाचणार आहे, वहिनी दाखवतीलच. दादा, मागच्या खोलीत मोरी अजून आहे, ड्रेनेजची लाइन त्याच भिंतीपलीकडून जाते, अभियंत्यांनी तेव्हा सांगितलं होतं. खर्च मी अर्धा देते. दोन रॅक माझ्या घरी आणून ठेव, माझ्याकडे जागा आहे. लग्नसराईच्या आधी काम होईल.