प्रार्थना करूनही जीव थाऱ्यावर नसेल तर?

“रोज प्रार्थना करते, तरी मनाला शांती नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?” सांगली-मिरजेतल्या ख्रिस्ती घरांतून समुपदेशनासाठी येणारी माणसं हा प्रश्न मला हमखास विचारतात. त्यातल्या एका ताईंबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय पन्नाशीपुढचं. नवऱ्याचं आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस, दर वेळी ४ तास. चर्चच्या महिला संघात प्रार्थना चालवायची ती याच ताईंनी, त्यामुळे चारचौघींत रडायची सोय नाही. रात्री दोनला जाग आली की डोळा लागत नसे. त्यात कुणीतरी ऐकवलं होतं, “कशाविषयीही चिंता करू नका असं बायबलचं वचन आहे. चिंता म्हणजे अविश्वास.” झालं! चिंता होतीच, आता तिची लाजही वाटू लागली.

मी ख्रिस्ती नाही, वचनाचा अर्थ सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण ते पूर्ण वाचा, एवढं सांगू शकत होते. येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय त्यांनी पर्समधल्या बायबलमधून वाचला. चिंता करू नका म्हटल्यावर लगेच, आपलं मागणं आभार मानत देवाला कळवा, असं आहे. शांतीचं आश्वासन येतं ते त्यानंतर. ताई थांबल्या. म्हणाल्या, “मी तर देवालाही सगळं ठीक आहे असंच सांगते.”

तुमच्या शास्त्रात असं थकून गेलेलं कुणी आहे का, मी विचारलं. त्यांनी एलीयाची गोष्ट सांगितली. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला हा संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो, उपदेश मात्र करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा खायला उठवतो, कारण वाट लांबची आहे. “तुम्ही जेवता कधी?” मी विचारलं. डायलिसिसच्या दिवशी नुसत्या चहावर निघायचं, असं निघालं.

मग आधी जेवण, आणि डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी. गोळीला त्या बिचकल्या. मला याचं नवल वाटतं. मिरजेत १८९४ साली ख्रिस्ती मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं, औषध आणि प्रार्थना इथे एकाच आवारात नांदल्या. नवऱ्याच्या किडनीला मशीन चालतं, मग यांच्या झोपेलाच औषध का चालू नये?

दुसरं काम जड होतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र ‘कोठवर?’ असं देवाला पुन्हा पुन्हा विचारतं. ८८वं तर अंधारातच संपतं. तसं आपलं गाऱ्हाणं संध्याकाळी दहा मिनिटं वहीत लिहायचं, अंथरुणात नाही. पुढच्या भेटीत वही आली ती रागाने भरलेली. नवऱ्याने वर्षानुवर्षं साखर सांभाळली नाही, डॉक्टरांचं ऐकलं नाही, आणि आता भोगायचं दोघांनी. आजारी माणसावर रागवायचं कसं, म्हणून हा राग प्रार्थनेत कधी आलाच नव्हता. त्या दिवशी त्या पोटभर रडल्या. ‘सकारात्मक विचार करा’ असं मी सांगितलं असतं तर वही कोरीच राहिली असती.

पुढे चर्चच्या पाळकसाहेबांशी त्या स्वतः बोलल्या. संघातल्या दोघी आता आळीपाळीने डायलिसिसला बसतात, त्या वेळात ताई घरी झोपतात. आजार आहे तिथेच आहे, वाईट रात्रीही येतात. पण “देवाशी भांडता येतं हे कळल्यापासून प्रार्थनेला बसायची धास्ती वाटत नाही,” असं त्या म्हणतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी हटत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूच नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.