चौथीपर्यंत हुशार होता, मग पाचवीत काय झालं?

"चौथीपर्यंत सगळं छान होतं हो मॅडम, पाचवीत काय बिघडलं तेच कळत नाहीये." शाळेचं वर्ष मध्यावर आलं की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा येतं, की आईबाबा खुर्चीत बसायच्या आधीच मला अंदाज येतो. माणसं बदलतात, कधी मुलगा असतो कधी मुलगी, वाक्य मात्र तेच. आणि त्याच्यामागचं न बोललेलं अर्धं वाक्यही तेच, की आत्ताच असं तर पुढे काय होणार.

म्हणून एक केस लिहितीये. ओळख पटेल असं सगळं बदललंय, दोन-तीन घरातल्या गोष्टी एकात मिसळल्यात, बऱ्याच भेटींचं चार संवादात आणलंय. मुलाला आपण चिरंजीव म्हणू.

आईची तक्रार थोडक्यात अशी, की मुलगा हुशार आहे हे सगळेच म्हणतात, पण आळशी झालाय. गृहपाठ असतो अर्ध्या तासाचा आणि बसतो दोन तास, पेन्सिलीला टोक करत, खोडत, पाणी प्यायला उठत. गणिताचे पेपर दप्तराच्या तळाशी चुरगाळलेले सापडतात. प्रोजेक्ट उद्या द्यायचाय हे आदल्या रात्री झोपताना सांगतो, मग आई रात्री जागून चार्ट रंगवते. "मी बाजूला बसले तरच करतो, उठले की बंद."

"आणि बाजूला बसून तुम्ही काय करता?"

"काय म्हणजे, चुकलं की सांगते ना लगेच."

हे उत्तर मी मनात जपून ठेवलं, कारण पुढे सगळं इथेच येऊन थांबलं.

पण आधी पाचवी म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण निम्मी काळजी इथेच उतरते. दहा-अकरा वर्षांचं वय, आणि अभ्यासाची जातच बदलते. तोपर्यंत मूल वाचायला शिकत असतं, इथून पुढे वाचून शिकायचं असतं. जीन शाल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी वाचनाचे टप्पे मांडताना हा फरक फार नेमका पकडलाय. धडाधड मोठ्याने वाचणारं मूल विज्ञानाच्या एका परिच्छेदापुढे अडतं, कारण शब्द वाचता येतात पण 'म्हणून', 'तरीही', 'याउलट' असल्या शब्दांनी बांधलेला अर्थ सुटत नाही. लिहायचं म्हटलं तर आता एका ओळीचं उत्तर पुरत नाही, स्वतःचं मत आणि त्याचं कारण असं दोन-तीन परिच्छेदात मागतात. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रोजेक्टची तारीख आज सांगितलेली आणि द्यायचा तीन आठवड्यांनी, म्हणजे वेळेचा हिशोबही मुलानेच ठेवायचा. काही ठिकाणी तर शाळेची बिल्डिंगच बदलते.

आणि गणितात अपूर्णांक. इथे मी जरा रेंगाळणार. पहिलीपासून मुलाने एकच नियम पाहिलेला असतो, आकडा मोठा म्हणजे संख्या मोठी. पाचवीत हा नियम अचानक मोडतो. एक छेद आठ हा एक छेद सहापेक्षा लहान, आणि ०.४५ हे ०.५ पेक्षा कमी. मुलाच्या डोक्यात ४५ तर ५ पेक्षा केवढे तरी मोठे! ही चूक निष्काळजीपणाची नाहीये, आतापर्यंत बरोबर चाललेला नियम ते मूल प्रामाणिकपणे वापरतंय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती तपासली, तेव्हा या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती समजलेत यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या गणिताचा बराचसा अंदाज येतो असं दिसलं. हे वाचून घाबरून लगेच क्लास लावू नका, मुद्दा एवढाच की इथे पाठांतराची घाई न करता समजायला वेळ दिला तर तो वाया जात नाही.

तर चिरंजीव. एका भेटीत आई आणि तो दोघं समोर होते. मी कागदावर लिहिलं, एक छेद आठ आणि एक छेद सहा, मोठं कुठलं? त्याने पटकन एक छेद आठवर बोट ठेवलं आणि मान वर करून आईकडे बघितलं. आईच्या भुवया किंचित वर गेल्या, किंचितच. त्याचं बोट लगेच एक छेद सहावर सरकलं.

"का बदललंस?"

"असंच."

कागदाकडे त्याने परत बघितलंही नव्हतं. हा मुलगा गणित करतच नव्हता, तो आईचा चेहरा वाचत होता आणि त्यात तो खरंच हुशार होता. मग मला दोन तासांचा गृहपाठ कळला, आई उठली की पेन्सिल का थांबते तेही कळलं.

पुढच्या वेळी त्याला एकट्याला बसवलं. वही मागितली. काही पानं खोडून खोडून इतकी पातळ झालेली की पलीकडचं अक्षर दिसत होतं, एका पानाला तर भोकच. मी विचारलं, एवढं का खोडतोस रे?

"आईला चूक दिसते मग."

"दिसली तर?"

"ती म्हणते, तू एवढा हुशार आणि हे चुकलं?"

मग बराच वेळ गप्प. अशा वेळी बोलायचं नाही हे मी वर्षानुवर्षांच्या सवयीने शिकलीये, मोठ्यांना ती शांतता सोसत नाही पण मुलांना लागते. खोडरबर फिरवत फिरवत तो शेवटी म्हणाला, "अभ्यास नाही केला आणि मार्क कमी पडले तर मी आळशी. अभ्यास करून पण कमी पडले तर मी ढ."

"आणि तुला काय चालेल?"

"आळशी."

ज्या आळशीपणाला घालवायला आई त्याला माझ्याकडे घेऊन आली होती तो त्याने विचार करून निवडला होता, कारण आळशी मुलगा अजून हुशार असू शकतो, ढ मुलगा नाही. असं थेट बोलणारी मुलं मला फार थोडी भेटलीत, पण त्याच्यानंतर मी प्रत्येक 'आळशी' मुलाकडे वेगळ्या नजरेने बघते आणि त्यातल्या काहींच्या मागे हेच सापडतं.

माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराकडे आहे हे माझ्याकडे येणाऱ्यांना माहीत असतं. १९५५ च्या सुमारास त्यांनी मानसोपचाराची जी पद्धत उभी केली तिचं सार मला असं वाटतं, की घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्टी समज आपल्याला जास्त छळतो. इथे दोन समज एकमेकांना धरून उभे होते. मुलाचा, की चुकलो तर मी माणूस म्हणूनच कमी. आणि आईचा, की पाचवीत घसरला म्हणजे मी आई म्हणून नापास. मार्क कमी पडणं ही घटना, माणूस कमी असणं हा आपण मारलेला शिक्का. मी आधी आईचा समज हाताळला, कारण तिच्या भुवया सुटल्याशिवाय त्याची पेन्सिल सुटणार नव्हती.

'तू हुशार आहेस' हे कौतुक वाईट कसं, असं तिने विचारलंच, सगळेच विचारतात. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी जे प्रयोग प्रसिद्ध केले ते नेमके पाचवीच्या मुलांवरच होते. काहींना कोडी सोडवल्यावर 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि दुसऱ्यांना आपले मार्क सांगताना त्यांच्यात खोटं सांगणारी जास्त निघाली. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत दर वेळी असंच निघालं असं नाही, त्यामुळे मी याची जपमाळ ओढत नाही. पण दप्तराच्या तळाचे चुरगाळलेले पेपर मला या प्रयोगाची आठवण करून देतात.

आता काय केलं ते. आईने गृहपाठाच्या वेळी बाजूला बसणं बंद केलं, पण घरातच, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. खोडरबर काही दिवस कपाटात, चुकलं तर एक रेघ मारायची आणि खाली परत करायचं, म्हणजे चूक दिसते आणि डोकं कुठून कुठे गेलं तेही दिसतं. मदत मागितली तर उत्तर द्यायचं नाही, विचारायचं, इथपर्यंत कसं आलास? वीस-पंचवीस मिनिटं काम, मग थोडं उठणं, आणि तरीही जमलं नाही तर वहीत तसंच लिहून शाळेत जायचं, की हे समजलं नाही. हे शेवटचं पालकांना सगळ्यात जड जातं, अपूर्ण गृहपाठ पाठवायचा म्हणजे आपलीच लाज. पण शिक्षकांना मुलाचं अडलेलं दिसलंच नाही तर ते शिकवणार काय? प्रोजेक्टचं, शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत कॅलेंडरवर छोटे टप्पे त्यानेच लिहायचे, आईने फक्त पेन द्यायचं. पहिला प्रोजेक्ट उशिरा गेला, मार्क कापले गेले. आईने मला फोन केला, मी म्हटलं जाऊ दे, पाचवीतला उशीर सगळ्यात स्वस्त.

बाकी या वर्षात आणखी काय काय होतं ते पटकन सांगते. मित्र आईबाबांपेक्षा महत्त्वाचे होतात, गट पडतात, कालची जिवलग आज बोलत नाही. शरीरात बदल सुरू होतात, मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान कधीही, त्यामुळे त्याविषयी बोलायला अजून लहान आहे म्हणून थांबू नका. दार लावून बसणं, उलट उत्तर, यातलं बरंचसं वयाचं आहे. झोप मात्र ९ ते १२ तास हवीच, संध्याकाळची निम्मी चिडचिड मला झोपेची वाटते. आणि फळ्यावरचं उतरवताना चुकत असेल तर रागवायच्या आधी डोळे तपासा, या वयात नंबर हळूच लागतो.

वाट बघत बसू नये अशा गोष्टी वेगळ्या. वाचताना अजूनही साधे शब्द अडत असतील, शाळेच्या दिवशीच पोटात दुखत असेल, जेवण-झोप बदलली असेल, मूल अचानक सगळ्या मित्रांपासून तुटलं असेल किंवा मी नकोच असं काही बोलत असेल, तर वर्गशिक्षकांना आणि डॉक्टर किंवा समुपदेशकांना लगेच भेटा. ते पाचवीचं साधं घसरणं नव्हे.

चिरंजीवांचे गणिताचे मार्क वर्षाअखेर थोडे वर आले, भाषेचे होते तिथेच राहिले. आई शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "काल वही घेऊन स्वतः आला आणि म्हणाला मला हे येत नाहीये, पण तू लगेच सांगू नकोस."

"मग तुम्ही?"

"नाही सांगितलं. पण जीभ चावून बसले होते हो."

मी म्हटलं, सहावीतही चावा.