उत्तर: १७७६ ते १७८९, मधल्या काळात अमेरिकेत सरकार कुणाचं होतं?

'स्वातंत्र्य १७७६ ला, वॉशिंग्टन अध्यक्ष १७८९ ला, मग मधे कारभार कोण बघत होतं?' हा तुमचा प्रश्न मी स्पर्धा परीक्षेच्या इतिहास वैकल्पिकच्या क्लासमध्ये जसाच्या तसा विचारला होता. क्लासचं नाव घेत नाही. उत्तर मिळालं, "त्यावर काही येत नाही, पुढे चला." भरमसाट फी घेऊन दिलेल्या नोट्समध्ये या काळाला एक ओळ, आणि मेन्सला (मुख्य परीक्षेला) प्रश्न आला तो नेमका यावरच. असो.

युद्ध, स्वातंत्र्याचा जाहीरनामा तुम्हाला येत असणारच, ते सोडतो. कारभार काँग्रेसकडे, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेकडे होता. १७८१ पासून 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'नुसार, म्हणजे देशाच्या पहिल्या घटनेनुसार. देशाला कार्यकारी प्रमुख नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही, प्रत्येक राज्याला एक मत. खरी मेख पैशाची. काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे रक्कम मागायची, आली तर आली. मेंटेनन्स बुडवणाऱ्या सभासदांची सोसायटीच म्हणा ना. आयातीवर पाच टक्के जकात लावू द्या म्हणून आर्टिकल्समध्ये दुरुस्ती आणली, तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि विषय संपला, कारण दुरुस्तीला तेराच्या तेरा राज्यं लागत.

जून १७८३ मध्ये तर पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेस बसायची ती इमारतच घेरली. पेनसिल्व्हेनिया राज्याचं सरकार मिलिशिया (नागरिकांची राखीव फौज) बोलवायला तयार होईना. शेवटी काँग्रेसने गाशा गुंडाळून प्रिन्स्टन गाठलं. दहा मुद्दे पाठ करण्यापेक्षा हा एक प्रसंग नीट लिहा.

पुढचं शेजचं बंड (मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांचं), नवी घटना लिहिणारी फिलाडेल्फियाची परिषद, तिच्यावरच्या १७ सप्टेंबर १७८७ च्या सह्या, हे सगळं कुठेही मिळेल. फक्त एक बघा: नऊ राज्यांनी मान्यता दिली की पुरे, असं नव्या घटनेतच लिहून टाकलं होतं. म्हणजे तेराची अट गुपचूप बाजूला. माझ्या मते हे जुन्या नियमांत बसत नव्हतं. सगळ्यांना पटेलच असं नाही. ऱ्होड आयलंडने परिषदेला माणूसच पाठवला नव्हता, मान्यता दिली ती मे १७९० मध्ये, वॉशिंग्टनच्या शपथविधीला वर्ष उलटल्यावर.

मी तज्ज्ञ नाही, मार्कांची हमी देत नाही. पण हा काळ नुसता फसलेला होता असंही लिहू नका. १७८७ चा नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स, म्हणजे ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशाच्या कारभाराचा कायदा, याच काँग्रेसने केला. आणि हो, तुमच्याही नोट्समध्ये घटना जेफरसनने (स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा) लिहिली असं असेल तर खोडून टाका. तेव्हा तो पॅरिसला राजदूत होता.