समजते, पण लिहिता येत नाही

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. माझी धाकटी बहीण वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. तिचे रोजचे काम एक्सेलवर चालते, पण तिने प्रोग्राम कधी लिहिलेला नाही. मी तिला पायथॉन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकवायला घेतली आहे. व्हेरिएबल (किमतीला दिलेले नाव), अट, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणे) समजावून सांगितले की तिला समजते, मी लिहिलेला प्रोग्राम ती वाचूनही दाखवते. मात्र स्वतः लिहायला बसली की पहिल्याच ओळीपाशी अडते. भाषेची निवड चुकली की माझी पद्धत?

उत्तर : भाषा बदलू नका. पायथॉन १९९१ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांनी त्याआधी एबीसी या नवशिक्यांसाठी बनवलेल्या भाषेवर काम केले होते, आणि ओळी आत सरकवून रचना दाखवण्याची पद्धत पायथॉनमध्ये तिथूनच आली. शिकणारे लहान मूल असते, तर ठोकळे जोडून प्रोग्राम बनवता येणारे स्क्रॅच मी सुचवले असते. तुमच्या बहिणीला त्याची गरज नाही.

अडचण वेगळीच असावी असे मला वाटते. प्रोग्राम वाचून दाखवणे आणि तो यंत्राप्रमाणे मनात चालवता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी येत नसेल तर लिहिणे जमत नाही. पुढच्या तीन ओळी तिच्यापुढे ठेवून पाहा.

अ = ५
ब = अ
अ = ८

शेवटी ‘ब’ची किंमत किती, हे प्रोग्राम न चालवता विचारा. उत्तर ‘८’ आले तर आश्चर्य मानू नका, कारण एक्सेलमध्ये एका चौकटीत दुसरीचा संदर्भ दिला की मूळ आकडा बदलताच तीही बदलते, आणि तिची सवय तीच आहे. पायथॉनमध्ये दुसरी ओळ त्या क्षणी ‘अ’ची जी किंमत आहे ती ‘ब’ला देते आणि तिथेच संपते, म्हणून ‘ब’ ५ च राहतो. बरोबरचे चिन्ह येथे समानता सांगत नाही, उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाला देण्याची आज्ञा देते. हा फरक जाणकाराच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो सांगायचा राहून जातो.

दुसरा नमुना असा, की वापरकर्त्याकडून दोन आकडे घेऊन त्यांची बेरीज करायला तिला सांगा. १२ आणि ७ दिले की उत्तर १२७ येईल, कारण कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथॉन मजकूर म्हणून घेतो आणि मजकुराची ‘बेरीज’ म्हणजे तो एकापुढे एक जोडणे. कारण लगेच सांगू नका. नवशिक्यांच्या चुकांचा अभ्यास करणाऱ्या रॉय पी यांनी १९८६ मध्ये दाखवले, की अशा अनेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते : आपल्या मनात काय आहे ते संगणक ओळखून घेईल. ही समजूत व्याख्यानाने जात नाही. आपला अंदाज आणि पडद्यावरचे उत्तर यांतील तफावत पुन्हा पुन्हा स्वतः पाहिली म्हणजे ती हळूहळू सुटते.

म्हणून काही काळ तिला कोरा पडदा देऊच नका. पाच-सात ओळींचा चालता प्रोग्राम द्या, कागदावर प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखायला सांगा, आणि ओळीगणिक किमती कशा बदलतात ते तिच्याकडून भरून घ्या. लूपसाठी तर हा तक्ता अनिवार्यच समजा. अंदाज लिहून झाल्यावरच प्रोग्राम चालवायचा. मग त्यात एखादा छोटा बदल तिला करू द्या. पुढे एखाद्या प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून त्या क्रमाने लावायला द्या. एवढे सहज जमू लागले की कोऱ्या पडद्याकडे वळा, आणि तिथेही आधी मराठीत पायऱ्या लिहून घ्या : ‘बिलांची यादी घे’, ‘प्रत्येक बिलाची मुदत तपास’, ‘मुदत उलटली असेल तर रक्कम थकबाकीत मिळव’. या ओळी टिप्पणी म्हणून, म्हणजे यंत्र वगळून पुढे जाते अशा मजकुराच्या रूपात, प्रोग्राममध्येच ठेवून एकेकीखाली कोड भरायचा. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचे नाव ‘थकबाकी’ असे देवनागरीत दिले तरी चालते, ते तिला अवश्य करू द्या.

तिच्या हातातला कीबोर्ड स्वतःकडे ओढू नका, ही माझी आग्रहाची विनंती. चूक दिसताच ती दुरुस्त करण्याचा मोह आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला होतो, पण त्यामुळे त्रुटीसंदेश वाचण्याची सवय शिकणाऱ्याला लागत नाही. पायथॉनचा लांबलचक संदेश खालून वाचायला शिकवा : शेवटच्या ओळीत काय बिघडले ते असते, ओळीचा क्रमांक साधारणपणे तिच्या जरा वर सापडतो. नाव सापडत नाही अशी तक्रार असेल, तर बहुधा स्पेलिंग चुकलेले असते किंवा किंमत देण्याआधीच ते नाव वापरलेले असते. तिने संदेश मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ सांगावा, आणि तोवर तुम्ही थांबावे.

फंक्शनची, म्हणजे ओळींच्या गटाला नाव देऊन तो हवा तेव्हा वापरण्याची, घाई करू नका. थकबाकी मोजण्याच्या त्याच ओळी तिला तिसऱ्यांदा लिहाव्या लागल्या आणि ती स्वतःहून कुरकुरली, की फंक्शन शिकवायला घ्या.