लिनक्स मिंटमध्ये आधीपासून असलेले प्रोग्राम : वडिलांच्या लॅपटॉपवर काय ठेवायचं, काय आधी लावून घ्यायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वडिलांचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, म्हणून तुम्ही विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट २२ ची सिनॅमन डेस्कटॉप असलेली आवृत्ती टाकलीत. आता मेन्यूत इतके प्रोग्राम दिसतात की वडील गोंधळले आहेत. ते निवृत्त शिक्षक आहेत, सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात, मराठीत पत्रं टाइप करतात, घरी स्कॅनरवाला प्रिंटर आहे. यातलं काय ठेवू, काय काढू, आणि बाहेरून काय इन्स्टॉल करू, असं तुम्ही विचारलंत.

माझं म्हणणं आहे की पहिला महिनाभर काही काढू नका आणि बाहेरूनही काही आणू नका. आमच्या गावच्या वाचनालयातले पाच संगणक मी गेली काही वर्षं मिंटवर सांभाळतो. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक नवा माणूस "स्कॅनिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकू?", "फोटो लहान करायला काय घेऊ?" असं विचारतो, आणि दर वेळी ते साधन आधीच मेन्यूत असतं. सापडत नाही, कारण मेन्यूत बऱ्याच प्रोग्रामचं खरं नाव न दिसता कामाचं नाव दिसतं. ‘टेक्स्ट एडिटर’ म्हणजे एक्सएड (xed), ‘डॉक्युमेंट व्ह्यूअर’ म्हणजे एक्सरीडर, ‘फाइल्स’ म्हणजे नेमो. इंटरनेटवर मदत शोधताना ही खरी नावं लागतात, म्हणून वडिलांच्या वहीत दोन्ही नावांची जोडी लिहून द्या.

सगळ्यात आधी टाइमशिफ्ट लावा. हा प्रोग्राम सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची प्रत, घेऊन ठेवतो. पुढे एखादं अपडेट किंवा ड्रायव्हर बिघडला तर आदल्या दिवशीच्या स्थितीत परत जाता येतं. उघडल्यावर आरसिंक हा प्रकार निवडा, जागा म्हणून लॅपटॉपचीच लिनक्सची डिस्क द्या (पेन ड्राइव्ह साध्या फॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटचा असेल तर चालणार नाही), आणि रोजचे दोन व आठवड्याचा एक एवढेच स्नॅपशॉट ठेवायला सांगा. पहिल्या स्नॅपशॉटला बरीच जागा लागते. पुढचे स्नॅपशॉट फक्त बदललेल्या फाइल्सपुरते वाढतात, त्यामुळे घाबरून ते बंद करू नका. वाचनालयातल्या एका संगणकावर मी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला आणि स्क्रीन काळी पडली, लॉगिनसुद्धा दिसेना. ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलं होतं त्यावरूनच संगणक चालू केला. अशा पेन ड्राइव्हवरून चाललेल्या लाइव्ह सत्रातही टाइमशिफ्ट असतो. त्यातून आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट परत बसवला आणि वर्तमानपत्रं वाचायला येणारी मंडळी जमायच्या आत काम झालं. म्हणून तो पेन ड्राइव्ह पुसू नका, कपाटात ठेवून द्या.

पण टाइमशिफ्टबद्दलचा एक गैरसमज मला महागात पडला होता, तो तुमचा होऊ नये. टाइमशिफ्ट तुमच्या स्वतःच्या फाइल्स साठवत नाही. होम फोल्डर तो मुद्दाम वगळतो, म्हणजे सिस्टिम मागे नेली तरी तुमची आजची कागदपत्रं आजचीच राहतात. मला हे माहीत नव्हतं. सभासदांच्या वर्गणीची फाइल कुणाच्या तरी हातून डिलीट झाली, मी निर्धास्तपणे स्नॅपशॉट उघडला आणि त्यात ती नव्हती. तीन महिन्यांच्या पावत्या पुस्तकातून पाहून पुन्हा भराव्या लागल्या. सोसायटीचा हिशेब म्हणजे दुसऱ्यांच्या पैशांचा मामला. त्यासाठी मेन्यूतलं ‘बॅकअप टूल’ वापरा. ते होम फोल्डरची एक गठडी करून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवतं. किंवा दर रविवारी हिशेबाचा फोल्डर सरळ पेन ड्राइव्हवर कॉपी करायची सवय वडिलांना लावा. त्यांच्या वयाच्या माणसांना ही दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण फाइल डोळ्यांना दिसते.

आता लिबरऑफिस. यात रायटर वर्डच्या जागी आणि कॅल्क एक्सेलच्या जागी. वडिलांच्या जुन्या एक्सेल फाइल्स कॅल्कमध्ये उघडतील, बेरजा आणि नेहमीची सूत्रं चालतील. मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे आदेश) असलेल्या फाइल्स मात्र तपासून पाहा, तिथे अडू शकतं. सोसायटीचे ऑडिटर आणि इतर सभासद एक्सेलच वापरत असणार, म्हणून ‘टूल्स’ मधल्या ‘ऑप्शन्स’ मध्ये जाऊन ‘लोड/सेव्ह’ खाली कायम एक्सेलच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचं ठरवून द्या. नाहीतर फाइल लिबरऑफिसच्या स्वतःच्या ओडीएस फॉरमॅटमध्ये सेव्ह होते आणि समोरच्याला ती अनोळखी वाटते. एक्सेलसारखी वरची बटणांची पट्टी (रिबन) हवी असेल तर ‘व्ह्यू’ मधल्या ‘युझर इंटरफेस’ मध्ये ‘टॅब्ड’ निवडा. वडिलांना ओळखीचं वाटेल.

मराठीचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक इथे हात टेकून विंडोजकडे परत जातात. लिबरऑफिस देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात धरतं आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा साठवतं. म्हणून इंग्रजी मजकूर बारा पॉइंटचा आणि त्याच ओळीतला मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये, असं दिसतं. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर हा गट चालू करा, मराठी निवडा, आणि मग रायटरच्या मूळ फॉन्टच्या पानावर देवनागरी फॉन्ट ठरवून द्या. हे एकदाच करायचं आहे.

जुन्या पत्रांत मंगल फॉन्ट असेल तर तो लिनक्सवर नसतो. फॉन्टच्या चौकटीत नाव तिरक्या अक्षरांत दिसलं तर समजा की फॉन्ट नाही आणि त्याच्या जागी दुसरा वापरला जातोय. मजकूर नीट वाचता येतो, फक्त ओळी थोड्या पुढेमागे होतात. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट कायम करून टाका. खरा त्रास युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या फाइल्सचा. कृतिदेव किंवा तशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं जुनं पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. त्या पद्धतीत आत इंग्रजीच अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तुमच्याकडे त्या फॉन्टची अधिकृत फाइल असेल तर होम फोल्डरमध्ये आधी टिंब आणि मग इंग्रजी स्मॉल अक्षरांत ‘फॉन्ट्स’ असं नाव दिलेला फोल्डर करून त्यात ती ठेवा. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, नेमोमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतात. महत्त्वाची कागदपत्रं मात्र हळूहळू युनिकोडमध्ये आणा. ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फोनवर उघडतील आणि त्यांत शोधताही येईल.

टायपिंगसाठी ‘कीबोर्ड’ च्या सेटिंगमध्ये लेआउट म्हणून मराठी घ्या. त्यात इनस्क्रिप्टचा कीबोर्ड आहे. उच्चाराप्रमाणे मांडलेला कगप नावाचा प्रकारही आहे. वडिलांना इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर हे दोन्ही चालणार नाहीत, आणि महिनाभराच्या माझ्या नियमाला हा एकच अपवाद करा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबसचं एम१७एन (ibus-m17n) हे टायपिंगचं पॅकेज घ्या आणि त्यातली मराठीची आयट्रान्स किंवा फोनेटिक पद्धत निवडा.

स्कॅनरसाठी मेन्यूत ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ आहे, खरं नाव सिंपल स्कॅन. नाव साधं आहे आणि वागणंही साधं आहे. पानामागून पान स्कॅन करत जा, क्रम बदला, वाकडं आलेलं फिरवा, सगळ्याची मिळून एकच पीडीएफ करा. सातबारा, लाइट बिल, ऑडिटचे कागद असल्या कामांना ‘टेक्स्ट’ प्रकार ठेवा, फोटोसाठी ‘इमेज’. पोर्टलवर आकाराची मर्यादा असेल तर रिझोल्युशन कमी करून पुन्हा स्कॅन करणं हा सगळ्यात सरळ उपाय. अर्जाला लावायचा फोटो लहान करायचा असेल तर पिक्स उघडा. त्यात कापणं, आकार बदलणं सगळं आहे. नुसता फोटो बघायला एक्सव्ह्यूअर उघडतो, म्हणून लोकांना पिक्स माहीतच होत नाही.

पीडीएफवर नाव-पत्ता भरायचा किंवा सही काढायची असेल तर एक्सरीडरमध्ये शोधत बसू नका. ती फाइल फायरफॉक्समध्ये उघडा. वरच्या पट्टीत मजकूर टाकायची आणि रेघ काढायची सोय आहे. लिबरऑफिस ड्रॉही पीडीएफ उघडतं, पण मराठी मजकूर त्यात बहुधा विस्कटतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेण्यासाठी आमच्याकडे सगळे स्वतःलाच व्हॉट्सॲप करतात आणि फोटोचा दर्जा घालवून बसतात. मिंटमध्ये वॉर्पिनेटर आहे. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर असली की एकमेकांना दिसतात आणि फाइल इंटरनेटवर न जाता थेट पोचते. डेटा खर्च होत नाही. मिंटच्या २००८ च्या सहाव्या आवृत्तीत गिव्हर नावाचा असाच प्रोग्राम होता, तो मागे पडला. २०२० मध्ये मिंटवाल्यांनी तीच कल्पना नव्याने लिहून काढली, ती ही. अँड्रॉइडसाठीही त्याच्याशी जुळणारं ॲप मिळतं. दोन गोष्टी सांभाळा. सेटिंगमधला ‘ग्रुप कोड’ मूळचा बदलून घरातल्या सगळ्या उपकरणांवर तुमचा एकच ठेवा. आणि फायरवॉल चालू केली असेल तर वॉर्पिनेटरच्या सेटिंगमधूनच तिचे नियम बदलून घ्या, नाहीतर उपकरणं दिसणार नाहीत आणि तुम्ही वायफायला दोष देत बसाल.

व्हॉट्सॲप वेबसाठी ‘वेब ॲप्स’ उघडा, पत्ता द्या, नाव द्या. मेन्यूत स्वतंत्र आयकॉन येतो आणि ते वेगळ्या खिडकीत उघडतं. वडिलांना ब्राउझरच्या वीस टॅबमध्ये शोधावं लागणार नाही. बँकेच्या साइटसाठी मात्र असं करू नका, तिथे पत्त्याची पट्टी समोर दिसलेली बरी.

बाकीचे भरभर सांगतो. व्हिडिओसाठी सेल्युलॉइड, गाण्यांसाठी रिदमबॉक्स. मेलसाठी थंडरबर्ड, पण वडील ब्राउझरमध्ये जीमेल बघत असतील तर तसंच चालू द्या. हिप्नोटिक्समध्ये इंटरनेटवरून टीव्ही वाहिन्या दिसतात. ‘डिस्क युसेज ॲनालायझर’ जागा कुणी खाल्ली ते दाखवतो. ‘डिस्क्स’ मध्ये हार्डडिस्कची तब्येत सांगणारी ‘स्मार्ट’ (SMART) नावाची तपासणी करता येते, आणि जुन्या लॅपटॉपवर ती तुम्ही या आठवड्यातच करा. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर वरचं सगळं व्यर्थ जाईल. बऱ्याच फाइल्सना एकदम नावं द्यायची असतील तर नेमोमध्ये त्या निवडून एफ२ दाबा, बल्की उघडतो. नेमोमध्येच एफ३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात, पेन ड्राइव्हवर कॉपी करताना वडिलांना हे आवडेल.

खाली कोपऱ्यातली ढाल म्हणजे अपडेट मॅनेजर. तिच्यावर ठिपका दिसला की अपडेट करा, टाळू नका. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे लॅपटॉप टिकला तर अजून काही वर्षं नव्याने काही टाकायची गरज नाही.

महिन्यानंतर काढायचंच असेल तर मेन्यूतल्या नावावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’. त्यासोबत आणखी काय काय निघणार याची यादी दिसली तर ती वाचा. त्यात नेमो किंवा सिनॅमन दिसलं की तिथेच थांबा. नेमो काढला तर डेस्कटॉपवरचे आयकॉनही जातात, कारण तेही तोच मांडतो. टॉरंटचा ट्रान्समिशन, हिप्नोटिक्स हे खुशाल काढा. तेवढ्याने जागा फारशी मोकळी होत नाही आणि लॅपटॉप वेगवान होत नाही, कारण न उघडलेला प्रोग्राम मेमरी वापरत नाही. फक्त मेन्यू छोटा होतो. मेन्यूच छोटा करायचा तर वडिलांच्या रोजच्या सहा-सात प्रोग्रामवर राइट क्लिक करून ते खालच्या पॅनेलवर लावून द्या. माझ्या अनुभवात मग ते मेन्यू क्वचितच उघडतील.

प्रिंटरचं मॉडेल आणि तो केबलने जोडता की वायफायने, एवढं लिहा. स्कॅनर आपोआप ओळखला जाईल की वेगळा ड्रायव्हर शोधावा लागेल, ते त्यावरून सांगता येईल.