बर्डीत कोणती गाडी एका वेगाने चालते?

प्रश्न: मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बर्डीतल्या (सीताबर्डीतल्या) व्हेरायटी चौकात मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओतून गाड्यांचा माग ठेवणारा प्रोजेक्ट केला. काल्मन फिल्टर (गाडीची पुढची जागा आधी ताडून, मग नव्या मापाने ती सुधारणारी गणिती पद्धत) वापरला, वेग स्थिर धरला, नॉइजचा (अंदाज किती ढळू शकतो, याचा) आकडा नेटवरून उचलला. व्हायव्हात एक्स्टर्नल सर म्हणाले, "बर्डीत कोणती गाडी एका वेगाने चालते?" सगळे हसले. हा नाद सोडून सरळ कोडिंगची नोकरी धरू का?

उत्तर: सरांचा प्रश्न रास्तच होता. तू फक्त विचारायचं होतंस, "किती वेळापुरतं, सर?"

तुझा व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा असेल, तर दोन फ्रेममध्ये 0.04 सेकंद जातात. ताशी 36 किमीने येणारी स्कूटी तेवढ्यात 40 सेंमी सरकते. तिने करकचून ब्रेक मारला, समज 5 मी/से² ने, तरी स्थिर वेगाचा अंदाज चुकतो फक्त 4 मिमीने. तुझा प्रोग्राम गाडीभोवती जो चौकोन काढतो, तो त्याहून जास्त थरथरतो! पण तीच स्कूटी ब्रेक मारत 'आपली बस'मागे दोन सेकंद लपली, तर ती 10 मीटरवर थांबलेली असते आणि तुझा प्रोग्राम तिला 20 मीटरवर शोधतो. तिथे सापडते भलतीच गाडी.

मग त्वरण स्थिर धरायचं? जपून. शेवटच्या फ्रेममध्ये चौकोन 5 सेंमी हलला, की नुसत्या वजाबाकीने काढलेलं त्वरण 31 मी/से² ने बिघडतं, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या तिपटीने. शिवाय प्रोग्रामच्या हिशोबात थांबलेली स्कूटी तिसऱ्या सेकंदाला उलटी मुंजे चौकाकडे निघते, ते वेगळंच.

काल्मनचा मूळ लेख 1960 चा (आपलं नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज व्हीआरसीई, आताचं व्हीएनआयटी, त्याच वर्षीचं). त्यात वेग स्थिरच आहे असा हट्ट नाही. वेग किती ढळेल हे नॉइजच्या आकड्यात सांगायचं असतं. नेमका तोच आकडा तू उसना घेतलास.

आता नोकरीचं. ड्रोन, रडार, गाडीतली ब्रेक-सहाय्य प्रणाली, सगळीकडे हेच काम आहे आणि ते बरंचसं सी प्लस प्लसमध्येच होतं. म्हणजे कोडिंग सुटत नाहीच. पुढे शिकायचं असेल तर गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) दे. लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी आणि कंट्रोल पक्कं कर, मग कंट्रोल किंवा सिग्नल प्रोसेसिंगमध्ये एम.टेक. बघ. घरची गरज असेल तर आधी नोकरी घे, त्यात कमीपणा नाही.

रिपोर्ट अजून बाइंडिंगला गेला नसेल, तर बसमागे लपलेल्या त्या स्कूटीची क्लिप नॉइजचे तीन वेगवेगळे आकडे घालून चालव आणि तिन्ही आलेख एका पानावर लाव. मुलाखतीला तेच पान सोबत ने.