गर्भपिशवीतील गाठ : एमआरआय केव्हा करावा?

प्रश्न : माझे वय ४३ आहे. पाळीत फार रक्तस्राव होतो आणि पोट दुखते, म्हणून सोनोग्राफी केली. कोथरूडमधील एका केंद्राच्या अहवालात ५ सेंटिमीटरचा फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूतील साधी गाठ) आहे, तर दुसऱ्या केंद्राने ‘अॅडिनोमायोसिसची शक्यता’ असे लिहिले आहे. आता एमआरआय करावा की सीटी स्कॅन? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन अहवाल जुळत नाहीत, म्हणून एक तपासणी चुकली असे लगेच समजू नये. आधी या तपासण्या पोटावरून झाल्या की आतून, म्हणजे योनिमार्गातून, हे पाहा. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मोठी, वर सरकलेली गाठ बरी दिसते. पण पिशवीच्या भिंतीतील बारकावे आतून केलेल्या तपासणीतच नीट कळतात. फायब्रॉइडची कड ठळक असते आणि रक्तवाहिन्या तिच्याभोवती फिरतात. अॅडिनोमायोसिसमध्ये, ज्याला आपल्याकडे ‘पिशवीला सूज’ असे मोघम म्हटले जाते, अस्तराच्या पेशी स्नायूत शिरलेल्या असल्यामुळे कड पुसट राहते, भिंत बहुधा एका बाजूला अधिक जाड होते आणि रक्तवाहिन्या त्या भागातून आरपार जातात. दोन्ही विकार एकाच पिशवीत असणेही नवलाचे नाही.

सीटी स्कॅन या प्रश्नासाठी करू नये; त्यात किरणोत्सर्ग होतो आणि स्नायूतील हा फरक फारसा उमगत नाही. गाठ अस्तराकडे किती डोकावते एवढेच ठरवायचे असेल, तर पिशवीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी अनेकदा पुरते. एमआरआय मात्र अशा वेळी उपयोगी ठरतो, जेव्हा गाठी अनेक किंवा फार मोठ्या असतात, आतील सोनोग्राफीनंतरही संदिग्धता उरते, किंवा केवळ गाठ काढायची की पिशवी, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. गोळ्यांनी किंवा कॉपर-टीसारख्या दिसणाऱ्या हार्मोनयुक्त साधनाने उपचार करायचे ठरले असेल, तर तो खर्च थांबवता येईल. कर्करोगाची गाठ विरळा असते. तिचा संशय एमआरआयने वाढतो किंवा कमी होतो, पण हमी कोणतेही छायाचित्र देत नाही, ती ऊतींच्या तपासणीतूनच मिळते.

म्हणून अनुभवी सोनोलॉजिस्टकडून आतील सोनोग्राफी एकदा करून घ्या, जुन्या अहवालांसोबत चित्रेही न्या. त्याचबरोबर हिमोग्लोबिन तपासा आणि अस्तराचा नमुना घ्यावा का, हे आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. एमआरआय ठरलाच, तर पेसमेकर किंवा शरीरातील धातूच्या साधनांची कल्पना आधी द्या. मंगळसूत्र घरीच ठेवलेले बरे.